गळ्यातला टाय आणि भिंतीवरचा एसी

आमच्या कार्यालयातला एसी किती अंशांवर चालायचा, हे शाखेतला सर्वांत जास्त कपडे अंगावर असलेला माणूस ठरवतो. बहुधा तो शाखाधिकारी असतो, कारण पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय आणि मुख्य कार्यालयातून कोणी येणार असेल त्या दिवशी कोट, हा पेहराव पदाबरोबरच त्याच्याकडे चालत आलेला असतो. त्याला घाम फुटू नये म्हणून यंत्र १८ अंशांवर ठेवले जाते, आणि मग सुती साडीत किंवा कुडत्यात बसलेल्या आम्ही बायका रत्नागिरीच्या भर मे महिन्यात खुर्चीच्या पाठीवर शाल ठेवून काम करतो. गेल्या उन्हाळ्यात मिरकरवाड्याकडचे एक वयस्कर खातेदार पासबुक भरून घ्यायला आले होते. पाच मिनिटे बाकावर बसल्यावर त्यांनी हात चोळत विचारले, "मॅडम, हितं काय बर्फाचा कारखाना काढलाव काय?" बंदरावर बर्फाचे कारखाने रोज पाहणाऱ्या माणसाचा हा शेरा असल्यामुळे तो अतिशयोक्ती म्हणून सोडून देता येत नाही.

कपडे आणि विजेचे बिल यांचा असा थेट संबंध आहे, ही गोष्ट जपानने वीस वर्षांपूर्वी सरकारी धोरण म्हणून हाताळली. त्या प्रयोगाबद्दल मी बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे आणि त्यातले काय कोकणात लागू पडेल याचा विचार करते आहे. जपान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ आणि चेरीचा बहर येतो, परंतु टोकियोचा ऑगस्ट हा पुष्कळसा आपल्या मे महिन्यासारखा असतो. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस लागतो, तो सरला की तापमान ३१ ते ३५ अंशांच्या घरात जाते, हवा दमट राहते आणि रात्रीही उकाडा उतरत नाही. अलीकडे तर तिथला पारा आपल्या किनाऱ्यालाही मागे टाकतो. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गुन्मा प्रांतातल्या इसेसाकी येथे ४१.८ अंशांची नोंद झाली, जी त्या देशातली आजवरची सर्वोच्च आहे. अशा हवेत तिथला नोकरदार पुरुष पिढ्यान् पिढ्या गडद रंगाचा सूट, पांढरा शर्ट आणि घट्ट बांधलेला टाय अशा वेशात लोकलच्या गर्दीतून कचेरी गाठत असे, आणि कचेरीत शिरल्यावर तो सूट सहन व्हावा इतका गारवा यंत्राकडून मागत असे.

हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्यासाठीचा क्योतो करार १६ फेब्रुवारी २००५ रोजी अंमलात आला आणि १९९० च्या पातळीपेक्षा ६ टक्के कमी उत्सर्जन करण्याची जबाबदारी जपानवर पडली. त्याच उन्हाळ्यात पर्यावरण मंत्रालयाने 'कूल बिझ' ही मोहीम सुरू केली. हे नाव लोकांकडून सूचना मागवून निवडलेले होते. युरिको कोइके तेव्हा पर्यावरण मंत्री होत्या, तर जुनिचिरो कोइझुमी पंतप्रधान होते. मोहिमेचे म्हणणे दोन ओळींत मावण्याजोगे होते: १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत कार्यालयाचे तापमान २८ अंशांवर ठेवावे, आणि ते सुसह्य व्हावे म्हणून टाय व कोट उतरवून कामावर यावे.

या दोन ओळींपेक्षा मला त्यांच्या अंमलबजावणीचा क्रम अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या समाजात वरिष्ठाने कोट काढल्याशिवाय कनिष्ठ काढत नाही, तिथे कारकुनांना परिपत्रक पाठवून काही साधणार नाही, हे कोइके यांनी ओळखले होते. म्हणून सुरुवात मंत्रिमंडळापासून झाली. पंतप्रधान स्वतः बिनटायचे फिरू लागले आणि ओकिनावाचा 'कारियुशी' शर्ट घालून छायाचित्रांत दिसू लागले. जपानच्या दक्षिण टोकाला असलेल्या उष्ण, दमट ओकिनावा बेटांवर हा अर्ध्या बाह्यांचा, पँटमध्ये न खोचता घालायचा, स्थानिक नक्षीचा शर्ट कचेरीत आधीपासूनच प्रतिष्ठित होता. २००० साली तिथे जी-८ राष्ट्रांची शिखर परिषद भरली तेव्हा जगातल्या बड्या नेत्यांनीही तो घातला होता. जून २००५ मध्ये आइची येथील जागतिक प्रदर्शनात मंत्रालयाने एक फॅशन शो भरवला आणि त्यात व्यावसायिक मॉडेलऐवजी मोठ्या उद्योगांचे प्रमुख चालले. टोयोटाचे अध्यक्ष आणि जपानी उद्योगसंघटनेचे प्रमुख हिरोशी ओकुदा त्यांच्यात होते. ज्याच्यापुढे देशभरातले पुरवठादार वाकून नमस्कार करतात तो माणूस उघड्या गळ्याने व्यासपीठावर चालला, की खालच्या दहा पायऱ्यांवरच्या माणसांना वेगळी परवानगी मागावी लागत नाही. अनेक कार्यालयांनी दारावर फलक लावले की आम्ही सध्या कूल बिझ पाळत आहोत, म्हणजे येणाऱ्या पाहुण्याला यजमानाचा बिनटायचा गळा अपमानकारक वाटू नये आणि पाहुण्यालाही स्वतःचा टाय सैल करता यावा. शिष्टाचाराचा प्रश्न शिष्टाचारानेच सोडवण्याची ही रीत मला फार आवडली.

टाय विणणारे आणि विकणारे मात्र नाराज झाले. वडिलांना टाय भेट देण्याचा जपानी 'फादर्स डे'ही जून महिन्यातच येतो. त्यामुळे त्यांच्या संघटनेने सरकारकडे रीतसर गाऱ्हाणे मांडले. दुसरीकडे शर्ट विकणाऱ्यांचा धंदा वाढला. टाय नसतानाही कॉलर नीट उभी राहील असे शर्ट आले, आणि टायशिवाय कसे शोभून दिसावे हा दुकानांच्या जाहिरातींचा विषय झाला.

हा जपानचा पहिला प्रयत्न नव्हता. दुसऱ्या तेलसंकटाच्या वेळी, १९७९ साली, पंतप्रधान मासायोशी ओहिरा यांनी 'ऊर्जाबचतीचा पेहराव' म्हणून अर्ध्या बाह्यांचा सूट घालून दाखवला होता. त्याची छायाचित्रे पाहिली तर कोकणातल्या कोणाही मध्यमवयीन माणसाला ओळखीचे हसू येईल, कारण आपल्याकडे त्या काळात उपअभियंता, गटविकास अधिकारी आणि मुख्याध्यापक जो सफारी घालत त्याचाच तो जपानी भाऊ होता. आपल्याकडे सफारीला मान मिळाला. लग्नातही तो चालला. जपानमध्ये त्याची चेष्टा झाली आणि त्सुतोमु हाता यांच्यासारखा एखादा राजकारणी सोडला तर तो कोणी अंगाला लावला नाही. मला यामागचे कारण असे दिसते की, १९७९ मध्ये लोकांना एक नवा गणवेश विकत घ्यायला सांगितले गेले आणि तोही अर्धवट कापलेल्या सूटसारखा दिसणारा. २००५ मध्ये काही विकत घ्यायचे नव्हते, जे होते त्यातले दोन कपडे घरी ठेवायचे होते. काढून टाकण्याची सोय जेवढ्या लवकर अंगवळणी पडते, तेवढी नवीन वेशाची सक्ती पडत नाही.

पहिल्या उन्हाळ्यानंतर मंत्रालयाने ४ लाख ६० हजार टन कार्बन डायऑक्साइड वाचल्याचा अंदाज दिला, म्हणजे सुमारे दहा लाख घरांचे एका महिन्याचे उत्सर्जन. २००६ साठी हा आकडा ११ लाख ४० हजार टन होता. हे अंदाज प्रामुख्याने लोकांना प्रश्न विचारून केलेले असल्यामुळे मी त्यांना मीटरवरच्या आकड्याइतके वजन देत नाही. मोहीम पसरली याचे अधिक भक्कम पुरावे इतरत्र मिळतात. ऑगस्ट २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन महासचिव बान की-मून यांनी न्यूयॉर्कच्या मुख्यालयातले तापमान सुमारे २२ अंशांवरून २५ वर नेले आणि कर्मचाऱ्यांना हलके कपडे घालायला सांगितले. जुलै २०२२ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी ऊर्जा वाचवण्यासाठी टाय न बांधण्याचे जाहीर आवाहन केले.

कूल बिझ हा फावल्या वेळचा सद्विचार राहिला नाही, याचे कारण मात्र २०११ साल आहे. ११ मार्चच्या भूकंपाने आणि त्सुनामीने फुकुशिमाचे अणुवीज केंद्र उद्ध्वस्त केले आणि पाठोपाठ देशातल्या ५४ अणुभट्ट्या एकेक करून थांबत गेल्या. ५ मे २०१२ रोजी तोमारीची शेवटची चालू भट्टीही बंद झाली. त्यात आणखी एक जुनी गुंतागुंत होती. जपानच्या पूर्व भागात ५० हर्ट्झची वीज वापरतात आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झची, कारण एकोणिसाव्या शतकात टोकियोने जर्मन जनित्रे घेतली होती आणि ओसाकाने अमेरिकन. त्यामुळे पश्चिमेकडे वीज शिल्लक असली तरी परिवर्तक केंद्रांच्या तुटपुंज्या क्षमतेबाहेर ती पूर्वेकडे नेता येत नव्हती. शेवटी सरकारने टोकियो व तोहोकू भागातल्या मोठ्या वीजग्राहकांवर १ जुलै २०११ पासून १५ टक्के कपातीची कायदेशीर सक्ती केली. १९७४ च्या तेलसंकटानंतर ही तरतूद प्रथमच वापरली गेली होती आणि जाणूनबुजून मोडणाऱ्याला दहा लाख येनपर्यंत दंड होता. मोटार उद्योगाने गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवार-रविवारी कारखाने चालवले. स्थानकांतले सरकते जिने थांबले, दुकानांतले निम्मे दिवे विझले, आणि १ जूनपासून 'सुपर कूल बिझ' आले, ज्यात पोलो शर्ट, कारियुशी, हवाई पद्धतीचे शर्ट आणि स्नीकर्सनाही सरकारी कचेरीत जागा मिळाली. टोकियोच्या वीज कंपनीच्या क्षेत्रातली कमाल मागणी २०१० च्या उन्हाळ्यात सुमारे ६०,००० मेगावॅट होती. २०११ च्या उन्हाळ्यात ती सुमारे ४९,२०० मेगावॅटवर थांबली. या घटीत कारखान्यांच्या बदललेल्या वेळा, दिवे आणि सौम्य हवा यांचाही वाटा आहे, सगळे श्रेय टायला देता येणार नाही, परंतु हा आकडा सर्वेक्षणाचा नसून मोजलेला आहे.

त्याच वसंतात फुकुशिमाची बातमी आमच्या जिल्ह्यात पोचली ती पूर्णपणे वेगळ्या अर्थाने. राजापूर तालुक्यात जैतापूर-माडबन परिसरात तेव्हा ९,९०० मेगावॅटचा म्हणून मांडलेला अणुप्रकल्प प्रस्तावित आहे, त्याविरुद्धचे आंदोलन तेव्हा तापलेले होते आणि एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे पोलीस गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. पुढचे कित्येक महिने आमच्याकडे चर्चा वीज कुठे आणि कशी निर्माण व्हावी याचीच होती, आणि ती व्हायलाच हवी होती. कोयनेचे पाणी पोफळीला वीज देते, अंजनवेलला गॅसचा, जयगडला कोळशाचा प्रकल्प उभा आहे, म्हणजे राज्याच्या विजेसाठी या किनाऱ्याने पुष्कळ काही दिले आहे. पण तयार झालेली वीज पुढे कशावर खर्च होते हा प्रश्न त्या चर्चेत मला फारसा ऐकू आला नाही. जैतापूरच्या बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघेही ज्या सभागृहात भेटत तिथला एसी सारखाच थंड असे.

आता २८ या आकड्याबद्दल. कूल बिझचे कौतुक करणारे बरेच लेख इथे येऊन थांबतात, आणि मला तिथेच खरी अडचण दिसते. मे २०१७ मध्ये जपानच्या न्याय खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री मासाहितो मोरियामा यांनी एका बैठकीत सांगून टाकले की २८ अंशांना शास्त्रीय आधार नव्हता, तो आकडा साधारणपणे ठरवला गेला. हे गृहस्थ २००५ साली पर्यावरण मंत्रालयात याच मोहिमेशी संबंधित अधिकारी होते, त्यामुळे बरीच खळबळ उडाली. आकडा अगदीच हवेतून आलेला नव्हता. मोठ्या इमारतींच्या आरोग्यविषयक जपानी कायद्यात खोलीचे तापमान १७ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवावे अशी तरतूद १९७० पासून होती (खालची मर्यादा २०२२ मध्ये १८ झाली), म्हणजे २८ ही कायद्याने चालवून घेतलेली वरची सीमा होती. मोहिमेने त्या सीमेलाच उद्दिष्ट केले. वासेदा विद्यापीठाचे शिनिची तानाबे आणि त्यांचे सहकारी यांनी कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास करून तापमान वाढले की कामाचा वेग उतरतो, असे दाखवले आहे. विजेचे वाचलेले पैसे मंदावलेल्या कामात गेले तर मालकाच्या हाती काय राहिले, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

गोंधळात भर म्हणजे, असंख्य कचेऱ्यांनी २८ हा आकडा रिमोटवर लावला. मंत्रालय सुरुवातीपासून सांगत आले आहे की २८ हे खोलीचे तापमान असावे, यंत्रावरचे नव्हे. काचेच्या पश्चिमाभिमुख भिंतीजवळ, दहा संगणक आणि वीस माणसे असलेल्या दालनात यंत्रावर २८ लावले तर प्रत्यक्षात खोलीत ३० भरतील. भिंतीवर शंभर-दोनशे रुपयांचा एक साधा तापमापक टांगल्याशिवाय या विषयावर भांडू नये, असे माझे मत झाले आहे. पुढे २०२१ पासून मंत्रालयाने देशभर एकच कालावधी ठरवून देण्याची पद्धतही सोडली. तेव्हा पर्यावरण मंत्री होते शिंजिरो कोइझुमी, म्हणजे ज्यांनी टाय उतरवला त्यांचेच चिरंजीव. ज्याला जेव्हा उकडते त्याने तेव्हा हलके कपडे घालावेत, इतक्या साध्या जागी ही मोहीम सोळा वर्षांनी आली.

माणसाला उकडणे हे केवळ तापमानावर अवलंबून नसते. हवेचे तापमान, आसपासच्या भिंतींची आणि छताची उष्णता, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, शरीराची हालचाल आणि अंगावरचे कपडे, अशा सहा गोष्टी मिळून ते ठरते. कपड्यांचा उष्णतारोध 'क्लो' या एककात मोजतात. पूर्ण सूट साधारण १ क्लोचा असतो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पातळ पँट हे मिळून त्याच्या निम्मे भरतात. टायचे वजन नगण्य असले तरी तो कॉलर बंद करतो, आणि शरीराने तापलेली हवा वर चढून ज्या वाटेने बाहेर पडायची तीच वाट बंद होते. कोट व टाय काढल्याने अंगाला सुमारे दोन अंशांचा फरक जाणवतो, असे जपानी मंत्रालयाने लोकांना सांगितले होते. ऑफिसांच्या वातानुकूलनाची प्रचलित गणिते पुरुषाच्या शरीराच्या उष्णतानिर्मितीवर बेतलेली आहेत आणि स्त्रियांची उष्णतानिर्मिती त्यात जास्त धरली जाते, हे २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या बोरिस किंग्मा आणि वाउटर फान मार्केन लिख्टेनबेल्ट या संशोधकांनी दाखवून दिले. आमच्या शालींचे ते शास्त्रीय स्पष्टीकरण आहे.

या विषयात एका भारतीय संशोधिकेचे काम मला विशेष जवळचे वाटते. माधवी इंद्रगंटी यांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर २०११ नंतरच्या वीजकपातीच्या काळात टोकियोतल्या कार्यालयांत जाऊन लोकांना कितपत उकडते आहे याची पाहणी केली. पुढे त्यांनी साडी, सलवार-कुर्ती, धोतर, लुंगी आणि पंचा यांचा उष्णतारोध तापवलेल्या पुतळ्यावर मोजला. सूटचा क्लो जगाने कधीच मोजून ठेवला होता. आपल्या पंचाचा मोजायला कोणीतरी आपल्यातलेच लागले. साडी कशी नेसली आहे, पदर खांद्यावर मोकळा आहे की गुंडाळून खोचला आहे, यावर तिचा उष्णतारोध बराच बदलतो, हे तर आमच्या आज्यांना पुतळ्याशिवाय ठाऊक होते.

कोकणात तापमानापेक्षा दमटपणा छळतो. हवामान खाते किनारपट्टीवर ३७ अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार करू लागते, मैदानी भागात ४० ला, त्याचे कारण हेच. विदर्भातला पाहुणा चव्वेचाळीस अंशांतून आमच्या चौतीस अंशांत येतो आणि दुपारपर्यंत हैराण होतो, कारण इथे घाम येतो तो वाळत नाही. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, तीन बाजूंनी मोकळी पडवी आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा, एवढ्या भांडवलावर आपल्या जुन्या घरांनी वैशाख काढले. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडाच्या कित्येक गावांत दीर्घ काळ वीज नव्हती, तेव्हा स्लॅबच्या घरातली माणसे शेजारच्या कौलारू घराच्या पडवीत येऊन बसत होती. कचेरी मात्र आपण मुंबईच्या नमुन्यावर बांधतो. वर तापणारा स्लॅब, समोर न उघडणारी काच, आणि पीओपीचे खोटे छत. त्या खोट्या छतामुळे पंखे गेले, हे नुकसान सर्वांत मोठे आहे. जपानी कचेऱ्यांत छताचा पंखा फारसा नव्हताच, म्हणून तिथे २८ अंशांवर लोक हातपंख्याने वारा घेत बसले. आपल्याकडे तो प्रत्येक खोलीत होता आणि आपण तो शोभेसाठी काढून टाकला. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तीस-पस्तीस वॅटवर चालतो, आणि अंगावर वारा असला की दोन-तीन अंश अधिक उष्ण हवाही सुखद वाटते. दीड टनाचा एसी चालू असताना या नव्या पंख्याच्या तीस-चाळीस पट वीज ओढू शकतो.

एसीबद्दल आपल्याकडचे सरकारी नियमही हळूहळू त्याच दिशेने सरकत आहेत. ऊर्जा दक्षता ब्यूरोने १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच २४ अंशांवर लागावा असे बंधनकारक केले. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हा ब्यूरोचाच आकडा आहे. त्या हिशेबाने १८ वरून २५ वर येणाऱ्या शाखेच्या एसीचे बिल तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरायला हवे. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री मनोहर लाल यांनी एसीची मर्यादा २० ते २८ अंशांमध्ये बांधण्याचा विचार बोलून दाखवला. १८ लावल्याने खोली लवकर गार होते हा समज मात्र कोणत्याही परिपत्रकाने जात नाही. किनाऱ्यावर यंत्राची बरीच ताकद हवेतले पाणी काढण्यात जाते, बाहेरच्या युनिटची जाळी खाऱ्या हवेने गंजते, आणि गंजलेले यंत्र अधिक वीज खाऊन कमी गारवा देते. पावसाळ्यापूर्वी ती जाळी गोड्या पाण्याने धुवून घेणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कपड्यांच्या बाबतीत आपले नियम मात्र वेगळ्याच चिंतेतून येतात. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालयातील व शासकीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाचे परिपत्रक काढले. जीन्स, टी-शर्ट, स्लिपर नकोत, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी. परिपत्रकाचा सारा भर जनमानसातल्या प्रतिमेवर होता; उकाड्यासाठी त्यात एखादे वाक्य असते तर मला आनंद झाला असता. तरीही शुक्रवारची खादी हा त्यातला एक भाग जपानी मोहिमेच्या अगदी जवळ जातो, आणि तो कितपत पाळला गेला हे कोणत्याही शुक्रवारी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात उभे राहून पाहता येते. वकिलांची स्थिती थोडी बरी आहे; सर्वोच्च व उच्च न्यायालये सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, असे बार कौन्सिलचा नियमच सांगतो. मे २०२४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आपल्या प्रयोगशाळांतल्या कर्मचाऱ्यांना इस्त्रीची वीज वाचावी म्हणून सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून येण्याचे आवाहन केले, ज्याची पुष्कळ थट्टा झाली. मला त्यातही जपानी शहाणपणाचा अंश दिसला, कारण तिथे संस्थेच्या महासंचालक त्या मोहिमेच्या पाठीशी उभ्या होत्या आणि चुरगळलेला शर्ट हा आळशीपणाचा पुरावा न राहता संस्थेचा निर्णय झाला होता.

आमच्या खासगी वित्तसंस्थेत अजून तसे झालेले नाही. आम्ही काही जणींनी आणि दोन तरुण सहकाऱ्यांनी मिळून मुख्य कार्यालयाला लेखी विनंती पाठवली. होळीपासून मृगापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात पुरुष कर्मचाऱ्यांना टायची सक्ती नसावी, अर्ध्या बाह्यांचा कॉलरचा शर्ट चालावा, खोलीचे तापमान २५ ते २६ च्या दरम्यान असावे आणि त्यासाठी दोन भिंतींना मिळून चार पंखे बसवावेत. सोबत गेल्या दोन वर्षांची मे महिन्याची बिले जोडली. उत्तर सौजन्यपूर्ण होते. संस्थेच्या प्रतिमेचा विचार करता ग्राहकांसमोर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचा पेहराव देशभर एकसारखा असणे आवश्यक आहे, असे त्यात म्हटले होते. आमचा ग्राहक म्हणजे आंबा बागायतदार, मच्छीमार सोसायटीचे सदस्य, निवृत्त शिक्षक आणि किराणा दुकानदार. त्यांच्यापैकी कोणी कधी टाय नाही म्हणून ठेव काढून घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शाखाधिकारी स्वतः या बाबतीत आमच्या बाजूचे आहेत, फक्त त्यांना पहिला टाय काढणारा व्हायचे नाही, आणि जपानचा सगळा अनुभव पाहता मी त्यांना दोषही देऊ शकत नाही. पहिला टाय त्यांच्या वरच्याच्या वरच्या माणसाने काढायचा आहे.

पंख्यांच्या बाबतीत मात्र थोडी हालचाल आहे. भिंतीवरच्या पंख्यांचे दरपत्रक मागवले गेले आहे, तापमापक शाखाधिकाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने आणून माझ्या टेबलामागे टांगला आहे, आणि त्यावर दुपारी दोनला १९.५ दिसले की रिमोट माझ्याकडे द्यायचा असे आमच्यात ठरले आहे. पंख्यांच्या खर्चाला मंजुरी विभागीय कार्यालयाच्या बैठकीत मिळेल. ती बैठक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात असते, म्हणजे ऐन पाऊस सुरू झाल्यावर.